फॉर्मॅट मारण्याआधी काउंटरला एक वही बांधा

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या दिंडोरी रोडला कृषी सेवा केंद्र. चार कॉम्प्युटर, मागच्या खोलीतल्या एकावर हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली, बाकीचे तीन त्याला जोडलेले. दर आठ-पंधरा दिवसांनी काहीतरी बंद. कधी बिल करता करता हँग, कधी प्रिंटर सापडत नाही, दोनदा तर टॅलीचा डेटाच उघडेना. देखभालीचा मुलगा येतो, फॉर्मॅट मारतो, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकतो, चार दिवस बरं चालतं, पुन्हा तेच. वर्षात सहा फॉर्मॅट झाले. द्राक्षाच्या गोडी छाटणीच्या ऐन गर्दीत काउंटरला दहा शेतकरी उभे असताना सगळं बसलं आणि बिलं हातानं फाडावी लागली. आता सगळं भंगारात काढून नवीन घेऊ, की टॅली क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या सर्व्हरवर, टाकू?

भाऊ, दोन्ही नको. निदान या महिन्यात तरी नको.

नाशकात गेली चोवीस वर्षं मी हेच काम करतोय, रविवार कारंज्याच्या दुकानांपासून अंबडच्या गाळ्यांपर्यंत. तुमच्यासारखा वैतागलेला माणूस महिन्याला एक-दोन तरी भेटतोच. त्यातल्या कित्येकांनी मी पोचायच्या आधीच नवीन मशीन आणून ठेवलेलं असतं, आणि तिसऱ्या महिन्यात तेही जुन्याच्या वळणावर जातं. आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी. (आपल्या गंगापूर रोडचा सोमेश्वर नव्हे, म्हणीतला.)

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकलं ते सहा फॉर्मॅट. फॉर्मॅट मारला की दुखणं जात नाही, दुखण्याचा पुरावा जातो. विंडोज स्वतःची एक रोजनिशी ठेवत असतं. स्टार्टजवळच्या शोधायच्या चौकटीत 'रिलायबिलिटी' एवढं टाइप करा, 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असं समोर येईल. उघडलं की तारीखवार रकाने दिसतात आणि ज्या दिवशी काही बिघडलं तिथे लाल फुली. फुलीवर क्लिक केलं की खाली कारण येतं. 'विंडोज वॉज नॉट प्रॉपर्ली शट डाउन' असं वारंवार दिसत असेल तर मशीनची वीज मधेच तुटतेय, किंवा ते गोठल्यावर कुणीतरी बटण दाबून बंद करतंय. एकच प्रोग्रॅम सारखा पडत असेल तर तोही नावानिशी सापडतो. विंडोजच्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आणखी खोल जाता येतं. तिथे 'डिस्क' या नावाखाली 'बॅड ब्लॉक'च्या नोंदी असतील तर हार्ड डिस्क अखेरच्या घटका मोजतेय. तुमच्या देखभालीच्या मुलानं सहा वेळा ही रोजनिशी फाडून फेकली आणि दर वेळी नव्या कोऱ्या पानावर अंदाज बांधला.

म्हणून पहिलं काम: एक चाळीस पानी वही घ्या आणि सुतळीनं काउंटरला बांधा. बांधा म्हणजे खरंच बांधा, नाहीतर चौथ्या दिवशी पोरं तिच्यावर हमालीचा हिशेब करतात. लिहायचं काय? तारीख, घड्याळातली वेळ मिनिटासकट, कोणतं मशीन, काय करत होतो, पडद्यावर काय आलं (त्याचा मोबाइलवर फोटो), आणि शेवटी, त्या वेळी दुकानात अजून काय चाललं होतं. हा शेवटचा रकाना सगळे हसण्यावारी नेतात. माझ्या अनुभवात उत्तर तिथेच सापडतं.

सातपूरच्या एका गाळ्यातली गोष्ट सांगतो. बिलिंगचं मशीन रोज सकाळी आपोआप रीस्टार्ट व्हायचं. माझ्या आधी येऊन गेलेल्या दोघांनी एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलला होता, तिसऱ्यानं रॅम. हिशेब बघणाऱ्या ताईंना मी म्हटलं, तीन आठवडे फक्त लिहा, काही दुरुस्त करू नका. मालक वैतागले, पण ताईंनी लिहिलं. अकरा पंचवीस, अकरा सत्तावीस, अकरा बावीस. आणि एका दिवशी शेवटच्या रकान्यात त्यांनी सहज खरडलं होतं: 'चहा'. पलीकडच्या खोलीत पाणी उकळायची मोठी इलेक्ट्रिक किटली होती. ती आणि कॉम्प्युटरचा स्विचबोर्ड एकाच जुन्या, बारीक वायरवर. किटली लागली की व्होल्टेज दबायचं, यूपीएस बॅटरीवर जायला बघायचा, बॅटरीत जीव नव्हता, मशीन आपटायचं. मग किटलीला वेगळी वायर ओढली, यूपीएसची बॅटरी बदलली. कॉम्प्युटरला हातही लावला नाही.

या यूपीएसच्या बाबतीत बहुतेक दुकानदार गाफील असतात. आत १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते, ती दोन-तीन वर्षांत निकामी होते. वरचा हिरवा दिवा मात्र लागलेलाच असतो, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. आज संध्याकाळी गर्दी ओसरली की सगळ्या मशीनवरची टॅली बंद करा, विंडोज नुसतं चालू ठेवा आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढा. घड्याळ लावा. दहा मिनिटं टिकला तर उत्तम. मिनिटाभरात मान टाकली तर तो यूपीएस नाही, महागडा एक्स्टेन्शन बोर्ड आहे. आणि लेझर प्रिंटर यूपीएसवर जोडलेला असेल तर आधी काढा. कागद भाजायला त्याच्या आतला रोलर तापतो तेव्हा तो एकदम इतका करंट ओढतो की छोट्या यूपीएसचा दमच निघतो.

यानंतर अर्थिंग. वायरमनला बोलावून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मी आपल्याकडच्या दुकानांत पंधरा-वीससुद्धा पाहिलंय. तसं असेल तर यूएसबीवरच्या वस्तू रुसतात, प्रिंटर मधेच गायब होतो, नेटवर्क झटके देतं, आणि कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. तुमच्याकडे मुंग्या येतात का, हे पोरांना विचारा. त्यांना माहीत असतं, फक्त कुणी विचारलेलं नसतं. तुमच्या बाजूला काळी माती आहे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, अर्थिंगच्या इलेक्ट्रोडला ती सोडते, ओल जाते, आणि पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग एप्रिल-मेमध्ये नावापुरतं उरतं. खड्डा कुठे आहे ते शोधा (बऱ्याचदा त्यावर पोत्यांची थप्पी लागलेली असते) आणि उन्हाळाभर त्यात दर आठवड्याला पाणी घाला. 'गेल्या वर्षी पण याच दिवसांत असंच झालं होतं' असं तुमच्या तोंडून कधी निघालं असेल तर हेच आधी बघा.

आता तुमच्या धंद्याचं खास दुखणं. तुम्ही लिहिलंय की टॅलीचं मशीन मागच्या खोलीत आहे. त्या खोलीत गंधक ठेवता का? द्राक्षपट्ट्यातलं दुकान म्हणजे भुरी रोगासाठी गंधक असणारच, शिवाय बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद. गंधकाचं तांब्याशी आणि चांदीशी वैर आहे, दोन्ही काळी पडतात. कॉम्प्युटरच्या बोर्डवर तांबं सगळीकडे आणि बारीक पुर्ज्यांच्या टोकांना चांदी. वर बंद खोली, पत्र्याचा उकाडा, एखादं फाटलेलं पोतं आणि दिवसभर हवा आत ओढणारा पंखा. पिंपळगावच्या वाटेवरच्या एका दुकानात मी कॅबिनेट उघडलं तर आत पिवळट धुळीचा थर होता, केसाळ, बोटाला चिकटणारा. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर डाग. शाळेतलं पांढरं खोडरबर घेऊन त्या पट्ट्या हलक्या हातानं घासल्या, स्लॉट ब्रशनं झाडला, परत बसवली आणि तीन महिने 'मदरबोर्ड गेलाय' म्हणून पडून असलेलं मशीन चालू झालं. मालकांना वाटलं मी जादू केली. मी त्यांना म्हटलं, जादू सहा महिने टिकेल, मशीन इथून हलवलं नाहीत तर मदरबोर्ड खरंच जाईल. त्यांनी हलवलं नाही. गेला.

तर ते मशीन पुढे आणा, ऑफिसच्या भागात, जमिनीपासून हातभर वर. जागा नाही म्हणाल. गंधकाची पोती हलवा मग.

आता टॅली. तुमच्याकडे जे 'सर्व्हर' म्हणून चालतंय ते एक साधं मशीन आहे, आणि माझा अंदाज असा की त्यावरही कुणीतरी बसतं. पुतण्या असेल, त्यावर बिलं करतो, दुपारी व्हिडिओ बघतो, संध्याकाळी सगळ्यांच्या आधी बंद करून निघतो. बाकीचे तिघे त्या वेळी त्याच मशीनमधल्या फोल्डरमध्ये लिहीत असतात. लिहिता लिहिता हातातली वही ओढून घेतली तर पान फाटणारच. डेटा उघडेना झाला त्या दोन्ही दिवशी शेवटी कोणतं मशीन बंद झालं होतं, आठवतंय का? वहीत हेही लिहायला लावा. नियम साधा: ते मशीन सकाळी सगळ्यात आधी चालू, रात्री सगळ्यात शेवटी बंद. त्याची स्लीपची सेटिंग काढून टाका, कारण जेवणाच्या सुट्टीत ते झोपलं तरी परिणाम तोच.

आणि चारपैकी एकही मशीन वायफायवर टॅलीला जोडलेलं असेल तर तिथे आजच वायर ओढा. मोबाइलवर वायफाय अर्धा सेकंद गेलं तर कळतही नाही, टॅलीच्या डेटाला तेवढं पुरतं. वायर अस्सल तांब्याची घ्या. स्वस्तात मिळते ती आतून अॅल्युमिनियमची, वरून तांब्याचा मुलामा. उंदरांना मात्र दोन्ही सारख्याच आवडतात, म्हणून पाइपातून न्या.

डेटा बिघडलाच तर टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून डेटाच्या मेनूत 'रिपेअर' आहे. पण त्याआधी, आणि हे मी फोनवर लोकांना ओरडून सांगत असतो, टॅलीच्या डेटामधलं तुमच्या दुकानाचं आकडी नावाचं फोल्डर आहे तसं दुसरीकडे कॉपी करा. रिपेअरमध्ये काही नोंदी गळू शकतात. आधीची प्रत नसेल तर काय गळलं हेही कळायला मार्ग राहत नाही.

प्रिंटरचं लवकर आटपतो. एका मशीनला जोडून बाकीच्यांनी शेअर करायचा, ही पद्धत विंडोजच्या अपडेटनं कधीही मोडू शकते. सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर शेवटी '११बी' असलेला एरर देत कितीतरी दुकानांतले शेअर केलेले प्रिंटर एका रात्रीत बंद पडले होते. मला त्या आठवड्यात जेवायला फुरसत नव्हती. लेझर प्रिंटर नेटवर्कचा असेल तर सरळ राउटरला जोडा आणि त्याचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) राउटरमध्ये कायमचा राखून ठेवा. बिलाचा डॉट मॅट्रिक्स असेल तर तो काउंटरच्याच मशीनला राहू द्या, शेअर करू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. एखाद्या मशीनवर सकाळी बँकेची, जीएसटीची, सगळ्याच साइट 'सुरक्षित नाही' म्हणायला लागल्या तर इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. जुनं साल दिसलं तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलीय. सीआर २०३२ म्हणून कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळते. यासाठीही फॉर्मॅट मारलेला मी पाहिलाय.

बॅकअपबद्दल तुम्ही लिहिलंय, 'तो रोज होतो'. इथे माझीच एक चूक सांगतो. बरीच वर्षं झाली, एका व्यापाऱ्याच्या मशीनमध्ये मी रोज रात्री आपोआप बॅकअप घेणारी छोटी फाइल लावून दिली होती. डी ड्राइव्हवरचं फोल्डर उचलायचं, बाहेरच्या डिस्कवर टाकायचं. पुढे मीच त्यात नवी हार्ड डिस्क टाकली, आणि टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवर गेला. बॅकअपची फाइल बदलायची मी विसरलो. डी ड्राइव्हवर जुनं फोल्डर तसंच पडलेलं होतं, त्यामुळे रोज रात्री ते इमानेइतबारे कॉपी व्हायचं. पडद्यावर 'पूर्ण झाले' यायचं, तारीखही ताजी पडायची. आठ महिन्यांनी नवी डिस्क गेली. मी ऐटीत बॅकअप लावला आणि शेवटचं बिल निघालं आठ महिन्यांपूर्वीचं. त्यांच्या मुनीमजींनी पुढचा सव्वा महिना कागदी बिलांवरून सगळं परत भरलं. मला ते एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

तुमच्याकडे तर छाटणीपासून द्राक्ष विकेपर्यंतची उधारी त्या फोल्डरमध्ये आहे. कोणाकडून किती येणं आहे हे हरवलं तर कॉम्प्युटरची किंमत कोण विचारतो? म्हणून दोन बाहेरच्या डिस्क घ्या. एक या आठवड्यात दुकानात, दुसरी तुमच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. कायम मशीनला लटकलेला पेन ड्राइव्ह बॅकअप म्हणून धरू नका. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला तर त्याला तो पेन ड्राइव्हही दिसतोच.

क्लाउड वाईट नाही. बाहेरगावी शाखा असेल, किंवा सीएंना घरून बघायचं असेल तर सोय आहे. पण आज तुमचं दुकान वायर, वीज आणि एका मशीनच्या भरवशावर आहे. क्लाउडवर गेलात की यात इंटरनेटची भर पडते, वीज आणि वायर तिथेच राहतात. सिंहस्थाच्या कामांसाठी सध्या शहरात जिथे तिथे रस्ते खणलेत, जेसीबीच्या एका फटक्यात फायबर तुटतं. वेगळ्या कंपनीचं दुसरं कनेक्शन किंवा निदान सिमवर चालणारा राउटर आधी घ्या, दोन महिने चालवून बघा, मग क्लाउडचं बोलू. अनुदानाच्या खताची विक्री नोंदवणाऱ्या पॉस मशीनचा या सगळ्याशी संबंध नाही, त्याची गाऱ्हाणी त्याच वहीत पण मागच्या पानांवर लिहा, नाहीतर सगळं एकात एक मिसळतं.

खर्च करायचाच असेल तर टॅलीचं मशीन एकच नवीन घ्या. एसएसडी (हार्ड डिस्कऐवजीची वेगवान डिस्क), १६ जीबी रॅम, अस्सल विंडोज ११, आणि त्यावर कुणी बसायचं नाही. विंडोज १० ला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार, म्हणजे नेहमीची सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि तुमची चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरची जुनी मशीनं ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे तीही हळूहळू बदलावी लागतील. पण एका वर्षात एक अशी. तोवर त्यांत एसएसडी टाकून घ्या, आणि बँकेचं, जीएसटीचं काम विंडोज ११ असलेल्या एकाच वेगळ्या लॅपटॉपवर करा. क्रॅक केलेलं विंडोज कुठल्या मशीनवर असेल तर त्याला त्या कामाजवळ फिरकू देऊ नका. ते चालू करणारा प्रोग्रॅम आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतो, यातच काय ते समजा. पूर्वी मीही सर्रास टाकून द्यायचो. आता देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी.

देखभालीच्या मुलाला काढू नका. त्याला भेटीमागे पैसे मिळतात, मालक डोक्यावर उभे असतात, अशा वेळी तासाभरात हमखास 'चालू' दिसणारं काम म्हणजे फॉर्मॅट, मग तो तेच करतो. करार वर्षाचा करा आणि दोन अटी घाला. दर भेटीला त्यानं त्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायचं, काय सापडलं, काय बदललं. आणि फॉर्मॅट मारायचा असेल तर आधी रिलायबिलिटीच्या पानाचा फोटो तुम्हाला पाठवायचा आणि 'का' ते एका ओळीत सांगायचं. पहिल्या महिन्यात तो कुरकुरेल.

येत्या रविवारी, दुकान बंद असताना, घरची डिस्क घ्या आणि कुठल्याही दुसऱ्या मशीनवर, दुकानातल्या नव्हे, तो बॅकअप रिस्टोअर करून टॅली उघडा. शेवटच्या बिलाचा नंबर कागदावर लिहा, दुकानात येऊन पुस्तकातल्या नंबराशी जुळवा. वहीची तीन आठवड्यांची पानं भरली की त्यांचे फोटो मला पाठवा, शेवटच्या रकान्यासकट.